फुलटोच्या आणि बांडगूळ यांची तुलना कशी करावी

पक्षी आणि वनस्पतीची तुलना करायला बसलं की आपण पहिला रकाना रंगाचा पाडतो. इथे तो रिकामाच राहील, कारण टिकेलचा फुलटोच्या मातकट, जेमतेम ८ सेंटिमीटरचा. त्यापेक्षा एकेक प्रश्न घ्या आणि तोच दोघांना विचारा.

आधी झाड गाठा. हिवाळ्यात बांडगूळ फुललेला आंबा किंवा चिकू शोधा. बागायतदार शिव्या घालतच दाखवील. सकाळी खाली उभं राहा. ‘चिक्-चिक्’ ऐकू आलं की दुर्बीण उचला. चोच आखूड, फिकट गुलाबीसर असेल तर फुलटोच्या. लांब, बाकदार असेल तर शिंजीर. तोही इथलाच गिऱ्हाईक आहे.

पहिला प्रश्न: पोट कसं भरतं? बांडगुळाची पानं हिरवी, म्हणजे अन्न ते स्वतःच तयार करतं. आंब्याकडून पाणी आणि क्षार तेवढे ओढतं. ‘बांडगूळ’ ही आपली शिवी अर्धीच खरी! फुलटोच्या मात्र याच बांडगुळाच्या मधावर आणि फळांवर ताव मारतो.

दुसरा प्रश्न: वंश कसा वाढतो? इथे वेळ द्या. पक्व कळीला चोचीचा चिमटा बसला की ती फट्‌कन उघडते आणि पराग पक्ष्याच्या डोक्याला लागतात. पुढे फळ गिळलं की काही मिनिटांत बी बाहेर येते, पण चिकट धाग्यासकट. ती सुटावी म्हणून पक्षी बूड फांदीला घासतो. झाली पेरणी! सालिम अलींनी कोकणातल्या या पक्ष्यांच्या आणि बांडगुळाच्या नात्यावर १९३१ साली लेख लिहिला होता. फुलटोच्याची स्वतःची पिल्लं वाढतात ती फांदीला टांगलेल्या मऊ बटव्यासारख्या घरट्यात.

तिसरा प्रश्न, प्रवासाचा. पक्षी रोज उडतो. बांडगूळ आयुष्यात एकदाच फिरतं, बी असताना, तेही दुसऱ्याच्या पोटातून.

फळं धरली की पुन्हा या आणि हाताशी येणाऱ्या फांद्या तपासा. सालीला चिकटलेली बी दिसली तर वहीत तारीख टाका, फांदीला दोरा बांधा. दोन-तीन आठवड्यांनी पाहा: जगली असेल तर हिरवं टोक सालीकडे वळलेलं असेल.