‘ऑल माय गुड कंट्रीमेन’ हा चेक चित्रपट कसा पाहावा

वोय्तेख यास्नी यांचा हा चित्रपट मोराव्हिया या चेक प्रदेशातील एका खेड्यात, १९४५ च्या मे महिन्यात, युद्ध संपल्याच्या आनंदात सुरू होतो. पाहण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली आणि १९४९ पासून शेतकऱ्यांवर आपली जमीन सामुदायिक शेतीत घालण्यासाठी दबाव वाढत गेला. एवढे ठाऊक असले म्हणजे पुरते.

पहिल्या पाहण्यात कथानकाचा धागा शोधत बसू नये, कारण पात्रे बरीच आहेत; त्याऐवजी दोघांवर नजर ठेवावी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा ओचेनाश नव्या सत्तेच्या बाजूने उभा राहतो, तर फ्रान्तिशेक हा श्रद्धाळू आणि कष्टाळू शेतकरी सहकारी शेतीत जाण्यास ठाम नकार देतो व त्याची किंमत मोजतो. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ इथेच आहे: हे दोघे एकमेकांचे शत्रू म्हणून नव्हे, तर एकाच गावची, एकमेकांना जन्मभर ओळखणारी माणसे म्हणून समोर येतात, आणि म्हणूनच त्यांच्यातली फूट अधिक बोचते.

दुसऱ्यांदा पाहताना यारोस्लाव्ह कुचेरा यांच्या छायाचित्रणाकडे, विशेषतः ऋतूंनुसार पालटणाऱ्या शेतशिवाराकडे, सावकाश पाहावे. यास्नी यांना १९६९ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मायदेशात मात्र या चित्रपटावर लवकरच बंदी आली.