ग्रंथालयात सरकारी कागद शोधताय? या चुका टाळा

आजच्या जिल्ह्याचं नाव घेऊन जुनं पुस्तक मागणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसून मी ती सतत बघतो. गावं जागच्या जागी असतात, पण जिल्हे आणि राज्यं बदलत गेली. कागद मात्र ज्या वर्षी छापला गेला, त्या वर्षाच्या नकाशातच राहतो.

एक तरुण आला होता. आजोबांचं गाव उदगीर तालुक्यातलं. १९५१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या किती होती, एवढंच त्याला हवं होतं. त्याने लातूर जिल्ह्याची पुस्तिका मागितली. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, तेव्हा १९५१ ची लातूरची पुस्तिका असणार कुठून? मग त्याने स्वतःच हिशेब केला, की लातूर उस्मानाबादमधून निघालं, म्हणजे उस्मानाबाद बघायचं. अर्धा दिवस तो गावांच्या यादीवरून बोट फिरवत बसला. गाव सोडाच, उदगीर तालुकाच सापडेना. ‘आमचं गाव मोजलंच नसेल,’ असं म्हणून तो निघून गेला.

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं. १९५१ साली उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तिन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले. बीदरची पुस्तिका काढली आणि गाव सापडलं. स्पेलिंग जरा वेगळं होतं, इतकंच. त्या आकड्यावर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेव्हापासून कोणीही काहीही मागितलं तरी मी आधी कोऱ्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायला लावतो: वर्ष, आणि त्या वर्षीचा तालुका, जिल्हा, राज्य. लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. नाही, हाच शोध आहे. पुढचं काम फक्त कपाट उघडण्याचं. किनवट किंवा राजुऱ्याचं १९५१ चं काही हवं असेल तर आदिलाबाद बघा. पालघरचं १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं ठाण्यात, सिंधुदुर्गचं १९८१ च्या आधीचं रत्नागिरीत. रायगडची जुनी पुस्तकं कुलाबा या नावाखाली लागलेली असतात. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं टाकून शोधलंत तर जुन्या पुस्तकांच्या नोंदी हाती लागतीलच असं नाही. उस्मानाबाद आणि औरंगाबाद टाकूनही बघा.

दुसरा घोळ ‘गॅझेट’ या शब्दाचा. राजपत्रालाही गॅझेट म्हणतात आणि गॅझेटिअरलाही. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचं वर्णन: नद्या, पिकं, जाती, बाजारपेठा, इतिहास. मुंबई इलाख्याच्या मालेतला पुण्याचा अठरावा खंड १८८५ चा. राजपत्रात अधिसूचना, नियम, नाव बदलल्याच्या जाहिराती येतात. एक शेतकरी काका जमीन गेल्याची अधिसूचना शोधत गॅझेटिअरचे खंड चाळत बसले होते, कारण कोणीतरी त्यांना फक्त ‘गॅझेट बघा’ एवढंच सांगितलं होतं. सांगणाऱ्याचा मला आजही राग येतो. भूसंपादनाच्या सूचनेसाठी मी आधी राजपत्राच्या भाग एकची विभागीय पुरवणी काढतो, आणि तिथे नसेल तर असाधारण अंक. तारीख माहीत नसेल तर निवाड्याची, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याच्या आदेशाची प्रत किंवा फेरफार घेऊन या. त्यावर बहुतेक वेळा धागा सापडतो.

शासन निर्णय एकटा वाचू नका. वरच्या बाजूला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, ती लोक सरळ ओलांडून जातात. मी तिथूनच सुरुवात करतो. नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, निर्णय अधिक्रमित झालाय का, म्हणजे नव्या निर्णयाने त्याची जागा घेतलीय का, हे बघितल्याशिवाय प्रत कुणाच्या हातात देत नाही. मोबाइलवर फिरत आलेल्या निर्णयावर तर शेवटी छापलेला संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघितल्याशिवाय विश्वासच ठेवू नका.

छापील पुस्तकात असलेल्या गोष्टीसाठी लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. दहा रुपये जातात त्याचं काही नाही, पण तीस दिवस जातात, आणि आकडा इथे कपाटात असतो. हा कायदा मोठ्या कष्टाने मिळालाय. तो दडवलेल्या फायलींसाठी वापरावा. त्याच कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. त्यातल्या पंधराव्या बाबीत, लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळाही सांगायच्या आहेत. म्हणून कार्यालयात गेलात तर आधी वाचनकक्ष विचारा.

‘सरकारी माहिती आहे का?’ असं विचारू नका. खातं आणि वर्ष सांगा.

आणि फोटो काढताना पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा काढा, ज्यावर नाव, खंड आणि वर्ष असतं. गेल्या आठवड्यात एक मुलगी चाळीस तक्त्यांचे फोटो घेऊन परत आली होती. कुठल्या पुस्तकातले, ते तिलाही सांगता येईना, मलाही. आम्ही दोघांनी मिळून एकेक खंड पुन्हा उघडला.