काट्याची केबल आणि ॲडमिनचा पासवर्ड

साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू असला की वजनकाटा रात्रंदिवस चालतो. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा आकडा केबलमधून कॉम्प्युटरमध्ये येतो, पावती निघते, ट्रॉली ऊस टाकायच्या गव्हाणीकडे सरकते. ती केबल जुन्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टची असते. आताच्या बहुतेक कॉम्प्युटरना तो पोर्टच नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात. वस्तू दोन-चारशे रुपयांची, पण ती गेली की काटा थांबतो आणि काटा थांबला की रस्ता.

डेस्कटॉप सपोर्टच्या नोकरीला लागून मला दीड महिना झाला होता. 2018 चा डिसेंबर. रात्री दोन वाजता काट्यावरच्या तात्यांचा फोन आला. "सायेब, ते कन्व्हर्टर मेलं. दुसरं लावलं तर पिवळा त्रिकोण दाखवतंय. तुम्ही ठेवलेलं सेटअप चालवलं तर ॲडमिनचा पासवर्ड मागतंय. रांग कमानीपतोर गेलीया."

मी घरी, वीस किलोमीटरवर. काट्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, म्हणजे लांबून हात घालायची सोय नाही. मी पासवर्ड फोनवर सांगून टाकला. एकेक अक्षर, "कॅपिटल बरं का तात्या" असं करत. काटा दहा मिनिटांत सुरू झाला आणि मी समाधानानं झोपलो.

कारखान्यातले एकशे चाळीस कॉम्प्युटर एकाच इमेजवरून, म्हणजे विंडोजच्या एकाच तयार साच्यावरून बनवलेले, म्हणून सगळ्यांवर लोकल ॲडमिनचा, म्हणजे त्या मशीनवरचे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड तोच. हंगाम संपेपर्यंत तो शेती विभागापासून गेस्ट हाऊसपर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. तात्यांचा त्यात दोष नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला सांगितल्याशिवाय ते घरी कसे जाणार? तुम्ही या कामात नवे असाल तर एवढी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा: प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा आणि आपोआप बदलणारा ठेवा. त्यासाठीचं लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन 2015 पासून वेगळं डाउनलोड करून मिळायचं. 2023 च्या एप्रिलमधल्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आलं आहे.

पण मूळ प्रश्न तसाच राहतो. पुढच्या वेळी कन्व्हर्टर मेलं तर तात्यांनी काय करायचं?

मला बऱ्याच उशिरा कळलेली गोष्ट अशी. उपकरण चालवायला विंडोजला जो छोटा प्रोग्राम लागतो तो ड्रायव्हर. साध्या युजरला तो बसवता येत नाही, हे अर्धंच खरं आहे. विंडोजचं स्वतःचं एक कोठार असतं, ड्रायव्हर स्टोअर. नवा ड्रायव्हर त्या कोठारात टाकायला ॲडमिन लागतो. तो एकदा कोठारात पोचला की उपकरण खोचल्यावर तो उचलून लावायचं काम विंडोजची सर्व्हिस स्वतःच्या अधिकारात करते; समोर कोण लॉगिन करून बसलंय याच्याशी तिला घेणंदेणं नाही. कोठारात टाकताना उपकरण जोडलेलं असायलाही हवं असं नाही. म्हणजे मी दिवाळीच्या आधी, गव्हाणपूजनाच्याही आधी, तो ड्रायव्हर काट्याच्या मशीनमध्ये भरून ठेवला असता तर त्या रात्री तात्यांनी नवं कन्व्हर्टर खोचलं असतं आणि झालं असतं.

भरायचा कसा? पीएनपीयूटिल नावाची कमांड विंडोजमध्येच असते. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, कमांडपुढे ॲड-ड्रायव्हर हा स्विच, म्हणजे काय करायचं ते सांगणारा शब्द, द्यायचा, पुढे आयएनएफ फाईलचा (ड्रायव्हर कसा बसवायचा ते लिहिलेल्या फाईलचा) पत्ता. नवे लोक इथेच अडतात, कारण त्यांच्या हातात सेटअपची एक्सई फाईल असते, आयएनएफ नसते. सेव्हन-झिपनं ती एक्सई उघडून बघा, पुष्कळदा आत सापडते. नाही सापडली तर ज्या मशीनवर ते उपकरण आधीच नीट चालतंय तिथे जा आणि याच कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर स्विचनं ड्रायव्हर बाहेर काढा. आयएनएफ, सिस आणि कॅट अशा सगळ्या फाईली एका फोल्डरमध्ये येतात. कॅट फाईल विसरू नका, ड्रायव्हर बनवणाऱ्याची डिजिटल सही तिच्यात असते, आणि सहीशिवाय चौसष्ट-बिट विंडोज ड्रायव्हर घेत नाही.

एकशे चाळीस मशीनवर हिंडायचं नसेल तर डोमेनच्या ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम नियम लावायच्या सोयीतून, स्टार्टअप स्क्रिप्ट लावा. ती कोणी लॉगिन करायच्या आधी, सिस्टीमच्या अधिकारात चालते. मी लावली आणि काहीच झालं नाही. एररही नाही, ड्रायव्हरही नाही. दोन दिवस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत होतो. चूक फोल्डरच्या परवानगीत होती. शेअर केलेलं फोल्डर वाचायची मुभा मी 'डोमेन युजर्स'ना दिली होती, आणि स्टार्टअपच्या वेळी फोल्डर वाचायला जातं ते कॉम्प्युटरचं खातं. 'डोमेन कॉम्प्युटर्स'ना मुभा दिली, मशीन रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर हजर.

स्क्रिप्ट चालायला लागली म्हणून मी चेकाळलो. ॲड-ड्रायव्हरच्या पुढे इन्स्टॉल हा स्विचही जोडला आणि कन्व्हर्टरचा सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळीकडे सोडला. दुसऱ्या दिवशी दोन नंबरचा काटा बंद. तिथलं जुनं कन्व्हर्टर चार वर्षं बिनतक्रार चाललं होतं. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, उपकरणाच्या नावाच्या जागी इंग्रजीत वाक्य आलं होतं: फेज्ड आउट सिन्स 2012, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर. चिपच्या कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये आपल्या जुन्या आणि नकली चिपांना दार बंद केलं होतं. त्या स्विचमुळे जोडलेल्या उपकरणालाही नवा ड्रायव्हर लागला, कारण कोठारात एकाच उपकरणाला सारखेच जुळणारे दोन ड्रायव्हर असले तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं. जुना परत आणायला नवा कोठारातून काढावा लागला. कोठारात त्याचं नाव बदलून ओईएम आणि पुढे एक आकडा असं होतं, तो आकडा यादीतून शोधून डिलीट-ड्रायव्हर. तेव्हापासून नवा ड्रायव्हर आधी एका मशीनवर आठवडाभर, मग बाकीकडे. आणि हंगामात तर कुठेच नाही.

काट्याच्या बाबतीत अजून एक खोच आहे. ड्रायव्हर लागला तरी सॉफ्टवेअरला पोर्टचा नंबर हवा असतो. आमच्याकडे तो कॉम-3 असा बांधलेला. स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे विंडोज त्यांना कोणत्या यूएसबी भोकात बसलेत त्यावरून ओळखतं. केबल पुसताना काढून शेजारच्या भोकात खोचली की तेच कन्व्हर्टर कॉम-7 होतं, आणि नंबर बदलायला पुन्हा ॲडमिन. मी प्रत्येक भोकात कन्व्हर्टर लावून हवे ते नंबर ठरवून ठेवले आणि वापरायच्या भोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. मॅनेजर हसले होते, पण ठिपके अजून आहेत.

प्रिंटरची गोष्ट निराळी. प्रिंट सर्व्हरवरून जोडायचे प्रिंटर साधा युजर पूर्वी स्वतः जोडून घ्यायचा, ड्रायव्हर सर्व्हरकडून यायचा. 2021 च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या छपाईच्या भागात प्रिंटनाइटमेअर म्हणून गाजलेली सुरक्षेतली भोकं सापडली आणि त्या ऑगस्टच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं हा रस्ता ॲडमिनपुरता केला. आमच्या अकाउंट्समध्ये एका सकाळी अकरा जणांचे प्रिंटर पासवर्ड मागू लागले. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, एक किंमत शून्य केली की जुनं वागणं परत येतं, हे मी शोधलं आणि सगळीकडे शून्य करून टाकलं. सहा महिन्यांनी ऑडिटरनं विचारलं, "हे कोणी केलं?" प्रिंटर जोडता यावा म्हणून ती भोकं बुजवणारा पॅच मी सगळ्या कारखान्यात निकामी केला होता. ते शून्य कुठे दिसलं तर मोहात पडू नका. सर्व्हरवर आहे त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर मशीनवर आधीच असला तर प्रिंटर जोडताना पासवर्ड मागत नाही; आधीच बसवून ठेवायचा तोच उपाय इथेही चालतो. सर्व्हरवर ड्रायव्हर बदलायचा असला की आधी मशीन, मग सर्व्हर. क्रम उलटला की फोन सुरू.

तिसरा प्रकार डिजिटल सहीच्या टोकनचा, म्हणजे कागदपत्रांवर कॉम्प्युटरवरून सही करायच्या यूएसबी काडीचा. अकाउंट्सचे साहेब टोकन लावतात आणि म्हणतात ड्रायव्हर नाही. तिथे अडतं ते बहुधा ड्रायव्हरपाशी नाही. टोकनसोबतचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीच्या पोर्टलसाठीचा ईमसाइनर यांचं ते काम असतं. हे सरळ सॉफ्टवेअर आहे, कोठारात टाकून चालत नाही, तुम्हालाच बसवावं लागतं. म्हणून फोन आला की आधी एवढंच ठरवा: यात आयएनएफपुरतं काम आहे की सेटअपशिवाय गत नाही?

ग्रुप पॉलिसीत एक सोय अशीही आहे की ठरावीक वर्गातल्या उपकरणांचे ड्रायव्हर साध्या युजरला बसवू द्यावेत. मी स्कॅनरसाठी ती लावून पाहिली. तरी पासवर्ड मागतच राहिलं, कारण ड्रायव्हरवर सही करणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट मशीनच्या विश्वासू प्रकाशकांच्या यादीत नव्हतं. ते टाकल्यावर चाललं. तरी मला हा रस्ता फारसा आवडत नाही. पुष्कळ ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात, आणि पेनड्राइव्हवरून कोण काय आणेल सांगता येत नाही. 2021 च्याच ऑगस्टमध्ये रेझरचा माउस नुसता खोचून, आपोआप उघडणाऱ्या त्याच्या इन्स्टॉलरमधून सिस्टीमचे अधिकार मिळवता येतात हे उघड झालं होतं. माउस खोचून!

कुठे अडलं ते कळत नसेल तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये सेटअप-एपीआय-डेव्ह नावाची लॉग फाईल असते. शेवटापासून वर वाचत जा. सुरुवातीला ती बघून डोळे फिरतात, आठ-दहा वेळा वाचली की कोणता ड्रायव्हर निवडला आणि का नाकारला ते दिसायला लागतं. डिव्हाइस मॅनेजरमधला कोडही बघा: 28 म्हणजे ड्रायव्हरच नाही, 52 म्हणजे सही पटली नाही. 10 आला तर उपकरण चालूच होत नाहीये, तेव्हा आधी दुसरं कन्व्हर्टर लावून पाहा.

आता काट्यावरच्या ड्रॉवरमध्ये दोन कन्व्हर्टर असतात, दोन्हींचे ड्रायव्हर आधीच भरलेले. खरेदी विभागाशी भांडून एवढं कबूल करून घेतलंय की नवा माल घ्यायच्या आधी एक नग माझ्याकडे येईल. गेल्या महिन्यात दोन कंपन्यांचे दोन नग आले. एक लावताच तेच 2012 चं वाक्य दिसलं, तो परत पाठवला.