सोलर बसवलंय, तरी बिल येतंय? या चुका टाळा

सोलरच्या तक्रारीचे मला फोन येतात त्यात पॅनेलच बिघडलंय, असं क्वचित निघतं. पॅनेलचं काम सरळ आहे. उजेड पडला की ते डीसी करंट देतं, इन्व्हर्टर त्याचा एसी करतो, घराला लागते तेवढी वीज घर वापरतं आणि उरलेली नेट मीटरमधून (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) महावितरणकडे जाते. यात फिरणारं, झिजणारं जवळपास काहीच नाही. घोळ होतो तो बहुतेक वेळा बसवण्याआधी. हल्ली लोक 'किती किलोवॅट आणि किती सबसिडी' एवढेच दोन प्रश्न विचारतात, गच्चीबद्दल कुणी बोलतच नाही.

मे महिन्यात सावली बघणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

साताऱ्याकडच्या एका निवृत्त सरांचं घर. 3 किलोवॅटची सिस्टिम, 540 वॅटची सहा पॅनेल, सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या रांगेत. बसवली ऐन मे महिन्यात. पहिल्या महिन्यात सर खूश. डिसेंबरात युनिट घसरले, तेव्हा बसवणाऱ्याने सांगून टाकलं, "सर, थंडीत ऊन मंद असतं, असंच चालायचं." हे साफ खोटं. आपल्याकडे डिसेंबरात आकाश निरभ्र असतं, हवा गार असते आणि दक्षिणेकडे कललेली पॅनेल मजेत चालतात. उत्पादन खरं मार खातं ते जुलै-ऑगस्टच्या ढगांत.

मी सकाळी साडेआठला गच्चीवर गेलो आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारत बसलो. पाण्याची टाकी पॅनेलच्या आग्नेयेला, लोखंडी स्टँडवर. तिची सावली साडेदहापर्यंत दोन पॅनेलवरून हटत नव्हती.

मे महिन्यात हे कसं दिसणार? पुण्या-साताऱ्याकडे शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याच्या आसपासच येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या बुडाशी. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो. भरदुपारीही सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते आणि सकाळी नऊला उंचीच्या सव्वादोन पट.

आणि सावली दोन पॅनेलवर असली तरी नुकसान दोनच पॅनेलचं, असं नसतं. स्ट्रिंग म्हणजे अरुंद रस्त्यावरची बैलगाड्यांची रांग, एक अडली की मागच्या सगळ्या थांबल्या. अडलेल्याला वळसा घालून करंट जावा म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, पण तेव्हा स्ट्रिंगचा व्होल्टेज पडतो आणि इन्व्हर्टर जास्तीत जास्त वीज मिळेल असा बिंदू शोधत चाचपडत राहतो. सरांकडे आम्ही टाकीच उचलून गच्चीच्या उत्तर कडेला नेली. प्लंबरचं एका दिवसाचं काम होतं.

माझी सवय अशी की सर्व्हे कुठल्याही महिन्यात असो, दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात काय काय उभं आहे ते आधी मोजायचं. टाकी, जिन्याची खोली, डिश, शेजाऱ्याचा नारळ. शेजारच्या प्लॉटवर मजला चढणार आहे का, हेही विचारायचं. "आम्ही ॲपवर सर्व्हे करतो, यायची गरज नाही" असं म्हणणाऱ्याला चहा न पाजता वाटेला लावा.

लाइट गेली तरी सोलर चालेल, हा समज

चालणार नाही. साध्या ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या) इन्व्हर्टरला बाहेरची लाइट दिसली नाही की तो स्वतःहून बंद होतो. बंदच व्हायला हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल. लोडशेडिंगसाठी हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड घ्या आणि त्याचा खर्च वेगळा धरा.

जास्त तापलं की जास्त वीज, हा समज

ऊन वेगळं, उष्णता वेगळी. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे सेल 25 अंशांवर असतानाचे. मे महिन्यात काचेखाली 60-65 अंश सहज होतात आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली तर बारा-चौदा टक्के तिथेच गेले. म्हणून शेडच्या पत्र्याला पॅनेल चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. इन्व्हर्टरही पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात नको.

सबसिडी बघून आकार ठरवणं

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78 हजार मिळतात. म्हणून महिन्याला 120 युनिट वापरणारे 3 किलोवॅट मागतात. 1 किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, हिशेब तुम्हीच करा. महावितरणकडे जमा होऊन मार्चअखेर उरलेले युनिट तुम्ही भरता त्या दराने विकले जात नाहीत. स्थिर आकार तर बिलात येतच राहणार.

पकडीने दाबलेले कनेक्टर

डीसी वायरचा एमसी4 कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडायचा प्लग) क्रिम्पिंग टूलनेच, म्हणजे त्यासाठीच्या खास पकडीनेच दाबायचा. साध्या पकडीने दाबला की सांधा ढिला राहतो, तापतो, वितळतो. एसीची ठिणगी विझते, डीसीची विझता विझत नाही. काम करणाऱ्याच्या पिशवीत ते टूल दिसलं नाही तर काम थांबवा. आणि चालू सिस्टिमचा कनेक्टर हाताने ओढू नका.

धुणं

भल्या सकाळी, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर वाळू देऊ नका. पॅनेलवर उभं राहून धुणाऱ्यांना काय बोलावं! सेलला पडलेल्या बारीक भेगा वरून दिसत नाहीत.

दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो

ऊन कडक, स्क्रीनवर मात्र शून्य. लोक लगेच इन्व्हर्टर बदलायला निघतात. आधी एरर वाचा, बहुतेक वेळा ग्रिडचा (बाहेरच्या लाइनचा) व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलेला असतो. दुपारी बाराच्या सुमारास, सोलर चालू असताना, इन्व्हर्टरवरचा व्होल्टेज आणि मीटरपाशी मोजलेला व्होल्टेज लिहून घ्या. मोजायला इलेक्ट्रिशियनच बोलवा. दोन्हींत बराच फरक असेल तर मधली केबल बारीक आहे, पैसे वाचवणाऱ्याने तिथे वाचवलेत, ती बदलून घ्या. मीटरपाशीही तेवढाच चढलेला असेल तर दोष लाइनचा. मग डीपीचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा) टॅप उतरवण्यासाठी, म्हणजे तिथूनच व्होल्टेज कमी करून घेण्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि चार-पाच दिवसांचे दुपारचे आकडे सोबत जोडा. नुसतं तोंडी सांगून काही हलत नाही.