'थ्रू द एजेस'चे नियम व्हिडिओवरून शिकायचे तर

चौघांनी सोफ्यावर बसायचं, टीव्हीवर नियमांचा लांबलचक व्हिडिओ लावायचा आणि तो संपला की डाव मांडायचा, हा बेत आधी डोक्यातून काढून टाका. थोड्या वेळाने दीर मोबाइल काढतात, जाऊबाई कुकर लावायला उठतात, आणि शेवटी प्रत्येकाला वेगळेच नियम आठवत असतात. हा खेळ घरातल्या एकानेच आधी नीट शिकावा आणि बाकीच्यांना पटावर शिकवावा. आमच्याकडे ती एक म्हणजे मी. दिवसभर लोकांचे जमाखर्च तपासते म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही.

खोकं अजून उघडलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. संस्कृती घडवण्याचा हा खेळ व्लादा ख्वाटिल या चेक डिझायनरचा आहे. दोन ते चार जण खेळतात. नकाशा नाही, सैन्याच्या बाहुल्या नाहीत. प्रत्येकासमोर स्वतःचा छोटा बोर्ड, आणि मधे कार्डांची एक रांग, जिच्यातून नेते, आश्चर्यं (ताजमहालसारख्या वास्तू) आणि शोध उचलायचे. प्राचीन काळापासून सुरुवात, आधुनिक काळात शेवट, आणि शेवटी ज्याचे कल्चर पॉइंट जास्त तो जिंकला. चौघांचा पूर्ण डाव आमच्याकडे दुपारी जेवणं आटोपून सुरू केला तर दिवेलागणीपर्यंत चालतो.

व्हिडिओ निवडताना पहिली गोष्ट बघायची ती आवृत्ती. मूळ खेळ २००६ चा, सुधारलेला 'अ न्यू स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन' २०१५ चा. आज दुकानात मिळतो तो दुसरा, पण यूट्यूबवर शोधलं की जुन्याचेही व्हिडिओ वर येतात, आणि दोन्हींचे नियम ऐंशी टक्के सारखे वाटत असल्यामुळे लक्षात येत नाही. व्हिडिओ २०१५ च्या आधीचा असेल तर तिथेच सोडा. तारखेवरून अंदाज आला नाही तर दोन खुणा सांगते. समोरच्यावर हल्ला करताना शिकवणारा स्वतःच्या सैन्यतुकड्यांचा बळी देऊन ताकद वाढवत असेल, तर तो जुना खेळ आहे. आणि करप्शनची वजावट, म्हणजे साठा जास्त झाला की कापला जाणारा माल, खाणींचं उत्पादन काढून झाल्यावर करत असेल, तरीही जुनाच. नव्यात करप्शन आधी, खाणींचं उत्पादन नंतर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यावर डावाचा सगळा हिशेब फिरतो.

दुसरी गोष्ट, 'कसं खेळायचं' सांगणारा व्हिडिओ आणि 'आम्ही खेळतोय, बघा' असा प्लेथ्रू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नवख्याने प्लेथ्रूपासून सुरुवात करू नये. खेळणारे गप्पांच्या नादात दोन-तीन चाली न सांगताच करून टाकतात आणि आपण बघत बसतो की हे टोकन कुठून आलं. शिकवणारा व्हिडिओ कसा असावा याचा अंदाज घ्यायचा असेल तर रॉडनी स्मिथ यांच्या 'वॉच इट प्लेड' चॅनेलवरचा कुठल्याही सोप्या खेळाचा व्हिडिओ बघा. कॅमेरा टेबलावर, हात दिसतायत, प्रत्येक वस्तू उचलून दाखवली जातेय. आपल्याला हवा तो व्हिडिओ याच जातीचा असावा. नुसता चेहरा दाखवून बोलणारा काही कामाचा नाही.

आता मुख्य काम. व्हिडिओ लावायच्या आधी खोकं उघडा आणि एकाच खेळाडूचा बोर्ड मांडा. पिवळं टोकन म्हणजे एक कामगार, निळं म्हणजे माल किंवा धान्य. शेतीच्या कार्डावर २ पिवळी टोकन, ब्राँझच्या खाणीवर २, फिलॉसॉफीवर १, वॉरियर्सवर १, आणि बिनकामाचा १ कामगार बाजूला. उरलेली १८ पिवळी आणि १६ निळी टोकन आपापल्या पेढीत, म्हणजे बोर्डावरच्या त्यांच्या साठ्याच्या जागी. धर्माच्या कार्डावर सुरुवातीला कोणीच नसतं, ते तसंच ठेवा. एवढं मांडून झालं की मगच प्ले दाबायचं, आणि स्क्रीनवरचा माणूस जे टोकन हलवेल ते आपणही हलवायचं. व्हिडिओला पाऊण वेग द्या. हे व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत असतात आणि बोलणारे घाईत असतात, म्हणून सबटायटल चालू ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ निळ्या टोकनांना द्या. हा खेळ अवघड वाटतो तो त्यांच्यापायी, कारण एकच निळं टोकन कुठल्या कार्डावर बसलंय त्यावर त्याची किंमत ठरते. ब्राँझच्या खाणीवर बसलं तर १ माल, लोखंडाच्या खाणीवर बसलं तर २. शेतीवर बसलं तर १ धान्य, सिंचनावर २. उत्पादनाच्या वेळी कार्डावरच्या प्रत्येक कामगारामागे पेढीतून एक निळं टोकन त्याच कार्डावर येतं. माल खर्च केला की ते परत पेढीत. १ माल द्यायचाय आणि आपल्याकडे फक्त लोखंडावरचं २ चं टोकन आहे, तर ते पेढीत टाकून ब्राँझवर १ चं मांडायचं. म्हणजे नोट मोडून सुट्टे घेतल्यासारखंच.

हे हाताने दोन-चार वेळा केलं की करप्शन आपोआप समजतं. निळी टोकनं मोजकीच असतात. ती पेढीतून जितकी बाहेर पडतील, म्हणजे तुम्ही जितका साठा कराल, तितकी वजावट वाढते, आधी २, मग ४, आणि पेढी रिकामी झाली तर ६ माल. माझा नवरा पहिल्या डावात 'लोखंड कशाला, ब्राँझवर भागतंय की' म्हणत राहिला. भागत होतं, पण तेवढ्याच मालासाठी त्याची दुप्पट टोकनं बाहेर अडकत होती आणि दर वळणाला २ माल हवेत विरत होता. लोखंडाचा शोध लावायला ५ बल्ब, म्हणजे ५ विज्ञान. मग ब्राँझवरचा कामगार लोखंडावर न्यायला दोन्ही खाणींच्या किमतीतला फरक, ५ वजा २, म्हणजे ३ माल आणि एक पांढरी ॲक्शन (नागरी कामाची एक चाल). व्हिडिओत हा भाग अर्ध्या मिनिटात जातो. तुम्ही तिथे थांबा, रिवाइंड करा, स्वतःच्या बोर्डावर करून बघा.

शिकायची माझी खरी युक्ती एवढीच आहे की व्हिडिओतल्या खेळाडूचं वळण संपत आलं, की तो उत्पादन मोजायच्या आधी पॉज करायचं आणि आकडे आपण काढायचे. विज्ञान किती वाढलं, कल्चर किती, करप्शन आहे का, धान्य किती आलं, लोकांनी किती खाल्लं, माल किती आला. याच क्रमाने. मग प्ले. आकडा जुळला नाही तर नेमका कुठला नियम निसटलाय ते तिथल्या तिथे सापडतं. शिकवणाऱ्याचाच आकडा चुकलाय असंही होतं. अशी दुरुस्ती बरेचदा व्हिडिओखाली पिन करून ठेवलेली असते, ती आधीच वाचून घ्या.

बाकी पांढऱ्या ॲक्शनचं प्रकरण सोपं आहे. सुरुवातीच्या हुकूमशाहीत त्या ४ मिळतात, लष्करासाठीच्या लाल २. रांगेतली पहिली ५ कार्डं १ पांढऱ्या ॲक्शनला, पुढची ४ कार्डं २ ला आणि शेवटची ४ कार्डं ३ ला. पहिल्या फेरीत मात्र पहिल्या खेळाडूला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, चौथ्याला ४, आणि तेव्हा फक्त कार्डं उचलायची, दुसरं काही करायचं नाही. शोधाचं कार्ड हातात येतं आणि विज्ञान भरून खाली मांडावं लागतं. आश्चर्याचं कार्ड थेट टेबलावर येतं आणि टप्प्याटप्प्याने बांधायचं असतं. पिवळं ॲक्शन कार्ड उचललं त्याच वळणात वापरता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच.

लोकसंख्या वाढवायला धान्य लागतं, आधी २, मग ३, ४, ५ आणि शेवटी ७. पिवळी पेढी रिकामी होत जाते तशी जनता नाराज होते आणि हसऱ्या चेहऱ्यांची गरज वाढते. नाराज लोक बिनकामाच्या कामगारांपेक्षा जास्त झाले तर बंड होतं, आणि त्या वळणाचं सगळं उत्पादन बुडतं. शिकवणारे हे घाईघाईने शेवटी सांगतात. प्रत्यक्षात दुसऱ्या टप्प्यातल्या अर्ध्या कटकटी इथूनच येतात, म्हणून धर्माचं ते रिकामं कार्ड पाहुण्यांना आधीच दाखवून ठेवा. एक माणूस तिथे नेला की १ कल्चर आणि एक हसरा चेहरा.

इतकं झालं की व्हिडिओ बंद करा. लष्कर आणि राजकारण दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. एका बैठकीत दोन्ही बघितलं तर नागरी भागही जातो डोक्यातून. मधल्या वेळात एकटीनेच दोन बोर्ड मांडून पहिलं युग खेळून बघा, हल्ले-बिल्ले वगळून. मी हे डायनिंग टेबलावर रात्री जेवणं झाल्यावर करते. घरचे हसतात, हसू द्यावं.

लष्कराच्या भागात व्हिडिओंचा तोल बिघडतो. हल्ल्यांची कार्डं एकेक करून वाचत बसतात, आणि मूळ यंत्रणा राहून जाते. तुम्हाला चारच गोष्टी पक्क्या हव्यात. वळणाच्या सुरुवातीला, दुसरं काही करायच्या आधी, एकच राजकीय चाल करता येते. त्यात घटनेचं कार्ड पुढच्या घटनांच्या गठ्ठ्यात टाकलं, तर त्याच्या युगाच्या क्रमांकाइतके कल्चर पॉइंट मिळतात आणि चालू गठ्ठ्यातली वरची घटना उघडते. वळण संपताना जितक्या लाल ॲक्शन उरल्या तितकी लष्करी कार्डं ओढायची, जास्तीत जास्त ३. आणि युद्ध जाहीर केलं की त्याचा निकाल हल्लेखोराच्या पुढच्या वळणाच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे मधल्या फेरीत दोन्ही बाजूंना सैन्य वाढवायची संधी असते. हल्ल्याचा निकाल मात्र तिथल्या तिथे. वर म्हटलेला तुकड्यांचा बळी नव्या खेळातही आहे, पण फक्त वसाहत मिळवताना.

आमच्या टेबलावर गांधीजींचं कार्ड आलं की एकच गलका होतो. तिसऱ्या युगातले नेते ते. ते आपल्याकडे असले की आपल्याला हल्ला किंवा युद्ध करता येत नाही, आणि आपल्यावर करणाऱ्याला दुप्पट लाल ॲक्शन मोजाव्या लागतात. दीर लगेच 'वहिनी, तुम्हीच घ्या, तुम्ही कुठे भांडता' म्हणून मोकळे. पण सैन्य शून्यावर ठेवून गांधीजींच्या भरवशावर बसू नका. सगळ्यात दुबळ्याला फटका देणाऱ्या घटनांपासून ते वाचवत नाहीत. युगांची वाटणीही फार मनावर घेऊ नका. ताजमहाल पहिल्या युगात आणि शेक्सपियर दुसऱ्या युगात, प्रत्यक्षात मात्र शेक्सपियर १६१६ मध्ये वारला आणि ताजचं काम १६३२ च्या सुमाराला सुरू झालं. आमचा भाचा इतिहासाचा विद्यार्थी, त्याला हे अजून पचलेलं नाही.

खोक्यात दोन पुस्तिका येतात. हँडबुक शिकण्यासाठी, कोड ऑफ लॉज शोधण्यासाठी. व्हिडिओने खेळाचा अंदाज येतो, पण भांडण मिटवायला कोड ऑफ लॉजच लागतो. डाव चालू असताना यूट्यूब उघडायचं नाही, हा आमच्याकडे अलिखित नियम आहे. ते एक वाक्य सापडेपर्यंत चहा गार होतो. आणि एवढं करूनही एखादी गोष्ट डोक्यात बसत नसेल, तर २०१७ साली आलेलं मोबाइल ॲप घ्या. त्यातलं ट्युटोरियल एकेक पाऊल करवून घेतं आणि चुकीची चाल करूच देत नाही. माझ्या मते कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते सरस आहे, आणि फुकट नसलं तरी खोक्याच्या मानाने बरंच स्वस्त आहे. फक्त सगळा हिशेब यंत्र करतं, त्यामुळे ॲपवर शिकलेल्या माणसाला पटावर स्वतः टोकन हलवायची वेळ आली की गडबडायला होतं. जाऊबाईंचं तसंच झालं होतं.

इतरांना शिकवायच्या दिवशी व्हिडिओ लावूच नका. बोर्ड मांडून ठेवा, पाच मिनिटांत पांढऱ्या ॲक्शन आणि कार्डांची रांग समजावा, आणि पहिली फेरी खेळायला लावा. निळी टोकनं पहिल्या उत्पादनाला, हसरे चेहरे पहिल्यांदा लोकसंख्या वाढली की, लष्कर दुसऱ्या फेरीत. पहिल्या दिवशी पहिलं युग संपलं की थांबा. युग संपताना प्रत्येकाच्या पेढीतून २ पिवळी टोकनं जातात आणि त्याआधीच्या युगातले नेते, हातातली कार्डं, अर्धवट आश्चर्यं बाद होतात, तेवढं मात्र करून दाखवा. दोघं किंवा तिघं असाल तर मांडणी करतानाच कार्डांवरचे खेळाडूसंख्येचे आकडे बघून जास्तीची कार्डं बाजूला काढा, आणि दोघांच्या डावात तहाची कार्डंही. डाव आवरताना प्रत्येक युगाचे नागरी आणि लष्करी गठ्ठे वेगळे रबरबँड लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पहिला तास कार्डं निवडण्यातच जाईल.