जुन्या डॉज-कमिन्सने ट्रेलर ओढताय? या चुका टाळा

१९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या डॉज रॅम २५०० मधलं ५.९ लिटरचं, २४ व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन दणकट आहे, यात वाद नाही. अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला लोक आजही हे ट्रक शोधून घेतात. घोळ होतो तो इंजिनच्या भरवशावर बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा केल्याने.

इंजेक्शन पंप बदलला, लिफ्ट पंप तसाच

सगळ्यात महागडी चूक हीच. यातला व्हीपी४४ इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनला दाबाखाली डिझेल पुरवणारा पंप, डिझेलवरच थंड राहतो, वंगणही त्याला डिझेलचंच. ते त्याच्यापर्यंत पोहोचवणारा लिफ्ट पंप मात्र कमजोर. मेख अशी, की लिफ्ट पंप मेला तरी गाडी सुरू होते आणि चालते, कारण व्हीपी४४ स्वतः डिझेल ओढून घेतो. तसा उपाशी चालता चालता तो जळतो. मग पेडल दाबूनही गाडी उचलत नाही, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, पी०२१६ हा बिघाडाचा कोड येतो. अशा वेळी नुसता व्हीपी४४ नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

कंपनीने डिझेलच्या दाबाचं गेज दिलेलंच नाही. डिझेल फिल्टर आणि व्हीपी४४ यांच्या मधून जोडणी घेऊन ते बसवा. चढावर, पूर्ण पेडलवर, ट्रेलर जोडलेला असताना दाब १० पीएसआयच्या वर राहायला हवा. ५च्या खाली गेला तर प्रवास तिथेच थांबवा. रिकाम्या ट्रकवर घेतलेला आकडा काही सांगत नाही.

डिझेल फिल्टर बदलल्यावर तो पुन्हा भरायला स्टार्टर तासभर फिरवत बसू नका. किल्ली क्षणभर स्टार्टवर नेऊन सोडा. लिफ्ट पंप सुमारे २५ सेकंद चालतो. त्याची घरघर ऐकू आली नाही, तर लिफ्ट पंप गेला हे उत्तर मिळालंच.

गिअरबॉक्सचं तेल ‘पार्क’मध्ये तपासणं

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत तसंच करतात, म्हणून इथे फसगत होते. या ट्रकच्या ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ‘पार्क’वर टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाला) तेल जात नाही, त्यामुळे पातळी चुकीची दिसते. तपासायची रीत अशी: सपाट जागा, गरम तेल, पार्किंग ब्रेक, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. तेल एटीएफ+४ या प्रकारचंच, दुसरं नको. चढावर गिअर सारखा वर-खाली होऊ लागला, की ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा.

ओढण्याची क्षमता पाहिली, भार नाही पाहिला

समजा ट्रकची एकूण वजनमर्यादा ८,८०० पौंड आणि घरच्या मंडळींसह, टाकी भरून वजन ७,४०० भरलं. उरले १,४००. ट्रेलर ७,००० पौंडांचा असेल, तर त्याच्या १२ टक्के म्हणजे ८४० पौंड हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर येतात. हिचचे स्वतःचे शंभरेक धरा, मग मागे टाकलेलं जनरेटर आणि टूलबॉक्स. ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा सगळं जोडून वजन करा.

ट्रक विकत घेताना इंजिनच्या ब्लॉकच्या डाव्या बाजूला खाली ‘५३’ हा ओतीव आकडा आहे का बघा. त्या ब्लॉकला बाहेरून तडा जाऊन कूलंट गळण्याची ख्याती आहे.

ट्रेलरच्या टायरची नक्षी नव्हे, तारीख वाचा: टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला.

निघण्याआधी मोकळ्या जागी ताशी २० मैलांवर ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) हाताचा दांडा दाबा. ट्रेलरने ट्रकला मागे खेचायला हवं, चाकं मात्र घासत जाता कामा नयेत.