अंगणातला स्विमिंग पूल: टाइल लावण्यापासून पाणी भरेपर्यंतची देखरेख

खोदाई, सळई आणि काँक्रीट उरकले की घरमालकाला वाटते, आता नुसती सजावट राहिली. प्रत्यक्षात गळती, सुटणाऱ्या टाइल आणि गढूळ पाणी यांची सुरुवात बहुतेक वेळा याच शेवटच्या काही आठवड्यांत होते. या काळात एकच नियम पाळा: जे झाकले जाणार आहे, ते तपासल्याशिवाय झाकू द्यायचे नाही. कॉन्ट्रॅक्टरचे हप्तेही तसेच बांधा. चाचणी पार पडली की पैसे. ‘काम झालं साहेब’ एवढ्यावर नाही.

पुढची मापे 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.35 मीटर खोल आरसीसी पूलची आहेत. त्यात सुमारे 43,000 लिटर पाणी मावते. पूल स्किमरचा, म्हणजे भिंतीतल्या तोंडातून वरवरचे पाणी ओढून घेणारा, धरला आहे; चहूबाजूंनी पाणी ओसंडणाऱ्या पूलला याशिवाय बॅलन्सिंग टँक, म्हणजे ओसंडलेले पाणी साठवणारी टाकी, लागतो.

आधी गळती, मग टाइल

काँक्रीटला 28 दिवस द्या. गळती सपाट भिंतीतून क्वचित होते. ती होते भिंतीतून पाइप आणि फिटिंग बाहेर पडतात तिथे. मेन ड्रेन (तळाचे पाणी ओढणारे तोंड), रिटर्न इनलेट (गाळलेले पाणी परत सोडणारे तोंड), स्किमर आणि लाइटचा खोबणा या प्रत्येकाभोवती तीन-चार सेंटिमीटर खाच मारून नॉन-श्रिंक ग्राउट भरून घ्या. साधा सिमेंटचा माल भरला तर तो सुकताना आकसतो आणि केसाएवढी फट राहते. तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा (मालाची गोलाई) हवा. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. दोन्ही हात वेगळ्या रंगाचे मागवले तर कुठे राहून गेले ते डोळ्यांना दिसते.

मग सात दिवस पाणी भरून ठेवा. पहिले दोन दिवस काँक्रीटच पाणी पिते, ते मोजू नका. तिसऱ्या दिवशी पायरीवर एक बादली ठेवा, तळाला वजनासाठी दगड घाला आणि बादलीतले पाणी बाहेरच्या पातळीइतके भरा. बादलीच्या आत आणि बाहेर मार्करने रेघ ओढा. 24 तासांनी दोन्ही रेघांपासून पाणी किती उतरले ते पट्टीने मोजा. उन्हाने उडणारे पाणी दोन्हीकडे सारखेच उडते. बाहेरचे पाणी बादलीतल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरहून जास्त उतरले असेल तर गळती आहे. जागा शोधायची तर पाणी उतरू द्या. ते ज्या पातळीला थांबते, तिथेच किंवा किंचित वर दोष असतो. लाइटच्या खोबण्याशी थांबले, तर केबलच्या पाइपाचे तोंड नीट बंद केलेले नाही असे धरून चाला. ही चूक सर्रास होते.

पाइपांची चाचणी वेगळी घ्या. सगळी तोंडे प्लग लावून बंद करा, हातपंपाने पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला 2 किलो करा आणि 24 तास काटा हलतो का पाहा. चाचणी झाली म्हणून गेज काढू नका. डेकचे (पूलभोवतीच्या फरशीचे) काम संपेपर्यंत पाइप दाबाखालीच राहू द्या. कोणाची पहार पाइपाला लागली तर काटा त्याच दिवशी पडतो. नाहीतर ते कळते डेकवर दगड बसल्यावर. चर बुजवण्याआधी टेप ठेवून फोटो काढा: कोणता पाइप, भिंतीपासून किती लांब, किती खोल.

मेन ड्रेन दोन असावेत, त्यांच्यात निदान 90 सेंटिमीटर अंतर असावे आणि झाकणे फुगीर, अँटी-व्हॉर्टेक्स (भोवरा होऊ न देणाऱ्या) प्रकारची असावीत. एकच ड्रेन असला आणि एखादे मूल त्यावर बसले तर पंपाची ओढ त्याला सुटू देत नाही. अमेरिकेत असा बळी गेल्यावर 2007 मध्ये या झाकणांसाठी कायदा झाला. इथे तुम्हालाच आग्रह धरावा लागेल.

टाइल आणि ग्राउट

प्लास्टरवर दोन मीटरची सरळ पट्टी फिरवा. खाली तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर तो भाग आधी सारखा करून घ्या. काचेची मोझेइक उंचसखलपणा लपवत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तो उठून दिसतो.

मोझेइकची शीट निवडताना पाठ बघा. मागे जाळी आणि डिंकाचे ठिपके असतील तर एक शीट तीन दिवस बादलीत बुडवून ठेवा. ठिपके मऊ पडून तुकडे सुटले तर तो माल परत करा. पुढून कागद लावलेली शीट बरी, तिची पूर्ण पाठ चिकटते. अॅडहेसिव्ह पांढरेच घ्या, कारण करडे काचेतून दिसते. पाकिटावर ‘सी 2 टी ई एस 1’ हा दर्जा पाहा. साध्या बाथरूमचा माल इथे चालत नाही.

मिस्त्री एका वेळी किती जागेवर माल पसरतो याकडे लक्ष द्या. एप्रिल-मेच्या उन्हात मालावर पाच-दहा मिनिटांत साय धरते. वरून ओला दिसतो, पण बोटाला लागत नाही. त्यावर शीट दाबली की ती बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या वर्षातच सुटते. बोट लावून बघा, माल बोटाला आला नाही तर खरवडून नवा लावायला सांगा. पूलवर हिरवी शेडनेट ताणली की निम्मा प्रश्न सुटतो. प्रत्येक भिंतीवर एखादी ताजी शीट उचलून पाठ तपासा: ती पूर्ण माखलेली हवी. दोन दिवसांनी लाकडी मुठीने सगळीकडे ठोकून घ्या आणि जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा.

टाइलच्या सांध्यांत भरायचे ग्राउट एपॉक्सीच. महाग पडते, पण क्लोरीनपुढे सिमेंटचे ग्राउट हळूहळू झिजते. डब्यातले भाग अंदाजाने अर्धे करून कालवू देऊ नका. प्रमाण चुकले की ते चिकटच राहते. कालवल्यावर साधारण पाऊण तास हातात असतो, उन्हात त्याहून कमी. टाइलवरचा पातळ थर त्याच दिवशी पुसायचा. राहिला तर मिस्त्री अॅसिडची बाटली काढतो. ती बंद ठेवायला लावा: वाळलेल्या एपॉक्सीला अॅसिड फारसे काही करत नाही, पण आसपासचे सिमेंट आणि शिडीचे स्टील खाते. शिडी 304 नव्हे, 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या.

कोपिंग, डेक आणि वीज

डेकचा ढाळ पूलपासून बाहेर, मीटरला दीड सेंटिमीटर. बादलीभर पाणी ओतून बघा; ते पूलकडे वळले तर पहिल्याच वळवात अंगणातली माती आत येईल. कोपिंग (पूलच्या काठावरचा दगड) आणि डेक यांच्यामध्ये 10-12 मिलिमीटरची मोकळी फट ठेवून ती पूलसाठीच्या सीलंटने भरा. दिसायला बरे म्हणून मिस्त्री तिथे सिमेंट भरतो. डेक भरावावर असतो. खाली काळी माती असेल तर पावसात ती फुगते, डेक कोपिंगला ढकलतो आणि टाइलची वरची ओळ तडकते. दगड फ्लेम फिनिशचा (आगीने खरबरीत केलेला), फिकट रंगाचा. पॉलिश केलेला कोटा ओला झाला की पाय घसरतो आणि काळा ग्रॅनाइट दुपारी पाय भाजतो.

पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे, आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवर. सगळ्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच सर्किट तोडणारा स्विच. टेस्ट बटण दाबून तो तुमच्यासमोर पडलाच पाहिजे. शिडी, रेलिंग आणि पूलची सळई तांब्याच्या वायरने एकमेकांना व अर्थिंगला जोडलेली हवीत. खोबण्यात दीड-दोन मीटर जादा केबल गुंडाळून ठेवायला सांगा, म्हणजे दिवा बदलताना पूल रिकामा न करता तो डेकवर उचलून घेता येतो.

फिल्टर, पाणी, औषध

43,000 लिटर सहा तासांत एकदा फिरवायचे तर ताशी सव्वासात हजार लिटर लागतात. त्याला 500 मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर पुरतो. वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा, नाहीतर पडत्या वाळूने तळाचे बारीक पाइप तडकतात आणि वाळू पूलमध्ये येत राहते. आधी बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुणे), मग रिन्स (सरळ पाण्याने खळखळून बाहेर सोडणे), मगच फिल्टर. व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना कधीही फिरवायचा नाही. स्वच्छ वाळूवरचा दाब गेजशेजारी लिहून ठेवा. त्याहून अर्धा किलो वाढला की बॅकवॉश.

ग्राउट संपल्यावर सात दिवसांनी पाणी, आणि तेही दिवसाला 75 सेंटिमीटरहून जास्त नाही. टँकर रांगेत उभे असले तरी घाई करू नका. पाणी बोअरचे असेल तर आधी ग्लासभर पाण्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका. ते तांबूस झाले तर त्यात लोह आहे, आणि क्लोरीन पडताच अख्खा पूल तसाच दिसेल. तेवढे टँकर दुसरीकडून मागवा.

औषधांचा क्रम मोडू नका. आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची क्षमता) 80 ते 120 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग. या पूलमध्ये ती 10 ने वाढवायला साधारण 730 ग्रॅम खायचा सोडा लागतो. मग पीएच 7.2 ते 7.6. शेवटी क्लोरीन 1 ते 3 पीपीएम. 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर दर पीपीएमला सुमारे 66 ग्रॅम. औषध पाण्यात टाकायचे, औषधावर पाणी ओतायचे नाही. हायपो (हेच कॅल्शियम हायपोक्लोराइट) आणि टीसीसीए (क्लोरीनचे दुसरे औषध) एका डब्यात, एका मापाने कधीच हाताळू नका. दोन्ही एकत्र आले की पेट घेतात.

पंप बंद ठेवून बादलीची चाचणी पुन्हा घ्या, मग पंप चालू ठेवून. चालू असतानाच पाणी जास्त उतरले तर दोष बहुधा रिटर्न लाइनमध्ये आहे. लहान मुले असतील तर 1.2 मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक पाणी भरण्याआधीच बसलेले हवे. कॉन्ट्रॅक्टरचे पाच-दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा आणि हे करारात आधीच लिहा.

पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने पूल पूर्ण रिकामा करू नका, कोकणात तर नाहीच. जमिनीतले पाणी वर आलेले असते आणि रिकामी टाकी खालून उचलली जाते. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (जमिनीतले पाणी आत घेऊन दाब कमी करणारा) असला तरी त्याच्या भरवशावर राहू नये. दुरुस्तीसाठी उपसायचाच असेल तर मार्च-एप्रिल गाठा आणि त्याआधी शेजारच्या विहिरीचे पाणी पूलच्या तळाखाली गेले आहे का ते दोर सोडून बघा.